परदेशी नोकरीला निघताना: मागे राहणाऱ्या घराची, पैशांची आणि कागदांची व्यवस्था

दोन-तीन वर्षांसाठी जर्मनी, जपान, अमेरिका किंवा आखातात निघालेल्या माणसाला शेवटचे दोन महिने व्हिसा, तिकडचं घर आणि सामानाचं वजन यापलीकडे काही सुचत नाही. इकडचं सगळं "आई-बाबा आहेतच" किंवा "ताई बघेल" या एका वाक्यावर सोडलं जातं. मी अशीच एक ताई आहे. धाकटा भाऊ जर्मनीत गेल्यापासून त्याचा पुण्यातला फ्लॅट, त्याचं बँकेचं काम, गावच्या जमिनीतला वाटा आणि आई-बाबांची औषधं-दवाखाने मी पाहते. त्यामुळे हे सगळं मी मागे राहणाऱ्याच्या बाजूने लिहिते आहे. मागे राहणारा माणूस कितीही जीव लावणारा असला तरी बँकेच्या आणि सरकारी खिडकीवर त्याच्या हातात अधिकाराचा कागद लागतो. तो कागद तुम्ही इथे असताना एका दुपारीत होतो. तिकडून करायचा म्हटला तर वकिलातीची वेळ, कुरियर आणि रजा यांत महिना सहज जातो.

आधी माणूस ठरवा

सगळी कामं एकाच माणसावर टाकू नका, आणि पाच जणांत वाटूही नका. आमच्याकडे घर आणि बँक माझ्याकडे, शेती चुलतभावाकडे आणि दवाखाना शेजारच्या काकूंच्या मदतीने अशी वाटणी आहे. माणूस निवडताना नात्यापेक्षा दोन गोष्टी पाहा. तो त्याच शहरात राहतो का, आणि कामाच्या दिवशी सकाळी अकरा वाजता बँकेत किंवा महापालिकेत जाऊ शकतो का? सत्तरीतल्या वडिलांना मुखत्यार, म्हणजे तुमच्या वतीने सही करणारा माणूस, करणं आपल्याकडे रीतीला धरून वाटतं, पण निबंधक कार्यालयाचे जिने, भाडेकरूंची भांडणं आणि सोसायटीच्या सचिवाचे फोन त्यांच्या वाट्याला देऊ नयेत, असं मी स्पष्टपणे सांगेन.

त्या माणसासाठी थोडे पैसेही वेगळे ठेवा. नळ फुटला, मीटर जळला, आईला रात्रीत दाखल करावं लागलं, तर त्याने स्वतःच्या खिशातून भरायचे आणि मग तुम्हाला हिशेब सांगायचा, यात नाती आंबतात. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च आणि एखाद्या दवाखान्याचं डिपॉझिट भागेल एवढी रक्कम त्याला वापरता येईल अशी ठेवून जा. खर्चाची एक साधी शीट दोघांत सामायिक ठेवली की विषय मिटतो.

फोन नंबर: बाकी सगळं यावर उभं आहे

बँक, आधार, पॅन, डिमॅट, म्युच्युअल फंड, प्राप्तिकराचं पोर्टल, सगळ्यांचे ओटीपी तुमच्या भारतीय नंबरवर येतात. तो नंबर बंद पडला की तुम्हीच तुमच्या खात्याबाहेर. म्हणून निघण्याआधी क्रमाने एवढं करा.

१. कायम ठेवायचा एकच नंबर ठरवा. आधारला आणि बँकेला तोच जोडलेला आहे का ते तपासा. नंबर बदलावा लागला तर त्यात वेळ जातो, म्हणून हे सर्वांत आधी.

२. त्या नंबरवर आंतरराष्ट्रीय रोमिंग भारतातूनच सुरू करून घ्या. रोमिंगमध्ये येणाऱ्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, त्यामुळे ओटीपी येत राहतात. ड्युअल सिमचा फोन असेल तर एका खणात हे सिम कायमचं ठेवून द्या.

३. रिचार्जची तारीख कॅलेंडरमध्ये टाका. ९० दिवस काहीच वापर नसेल तर कंपनी नंबर काढून घेऊ शकते आणि तो पुढे दुसऱ्या कोणाला दिला जातो. वर्षभराचा लहानात लहान प्लॅन मारून ठेवणं सगळ्यांत सोपं.

४. बँकेची ॲप्स नव्या फोनवर घ्यायची असतील तर निघण्याआधीच घ्या. ॲप सुरू करताना नोंदणीच्या सिमवरून बँकेला एक एसएमएस जावा लागतो, नुसता ओटीपी येऊन भागत नाही. तिकडे फोन बदललात तर रोमिंगवर बाहेर जाणारा एसएमएस चालला पाहिजे, आणि तिथेच बहुतेकांचं अडतं.

सिम घरी आईच्या फोनमध्ये ठेवून ओटीपी विचारत बसणं मला पटत नाही. आईला ओटीपी वाचून दाखवायची सवय लागते, आणि उद्या तोच आवाज काढून कोणी दुसऱ्याने विचारला तर ती त्यालाही सांगेल.

२०२३ पासून काही देशांतल्या अनिवासींना एनआरई किंवा एनआरओ खात्यावर (ही अनिवासींची बँक खाती, त्यांच्याबद्दल पुढे सांगते) परदेशी नंबर वापरून यूपीआय चालवता येतं. अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, सिंगापूर, संयुक्त अरब अमिराती, कतार, ओमान, सौदी अरेबिया आणि हाँगकाँग हे त्यातले पहिले दहा. तुमची बँक ते देते का, हे खातं बदलतानाच विचारून घ्या.

बँक खातं: हे टाळण्यासारखं नाही

परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे फेमा, याच्या दृष्टीने नोकरीसाठी देश सोडलात की तुम्ही अनिवासी झालात. तिथे १८२ दिवस पूर्ण व्हायची वाट पाहायची नसते. ती मोजणी प्राप्तिकराची, आणि या दोन कायद्यांची गल्लत फार जण करतात. अनिवासी झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालू ठेवता येत नाही. ते एनआरओमध्ये बदलून घ्यावं लागतं. "कोणाला कळतंय" म्हणून लोक वर्षानुवर्षं ठेवतात, आणि घर विकताना किंवा मोठी रक्कम बाहेर नेताना ते उघडं पडतं.

तीन खाती ओळखीची करून घ्या. एनआरओ हे भारतातल्या उत्पन्नाचं खातं: भाडं, लाभांश, जुन्या ठेवींचं व्याज, शेतमालाचे पैसे. यावरचं व्याज करपात्र असतं आणि बँक ३० टक्के अधिक उपकर कापूनच देते. यातून कर भरल्यानंतर एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत रक्कम परदेशी नेता येते, त्यासाठी सहसा सीएचं प्रमाणपत्र लागतं. एनआरई हे तिकडच्या कमाईचं खातं: पैसे परदेशातून यायचे, रुपयांत राहायचे, हवे तेव्हा विनाअडथळा परत न्यायचे, आणि भारतात व्याजावर कर नाही. एफसीएनआर ही एक ते पाच वर्षांची परकीय चलनातली ठेव. दोन वर्षांसाठी जाणाऱ्या नोकरदाराला पहिल्या दोन खात्यांत सगळं भागतं.

आता खरी अडचण. बचत खातं एनआरओ करताना काही बँका जुनाच खातेक्रमांक ठेवतात, काही नवा देतात. नवा दिला की जुन्या क्रमांकावर बांधलेलं सगळं तुटतं: गृहकर्जाचा हप्ता, एसआयपी, विम्याचा हप्ता, वीजबिल, सोसायटीचा मेंटेनन्स. भावाच्या खात्याच्या वेळी शाखेतून "काही बदलणार नाही" असं सांगितलं गेलं होतं. पुढच्याच महिन्यात हप्ता परत गेला आणि दंडासकट भरावा लागला. म्हणून खातेक्रमांक बदलणार का हे बँकेकडून लेखी, निदान ईमेलवर घ्या. बदलणार असेल तर गेल्या वर्षभराचं स्टेटमेंट काढून आपोआप जाणाऱ्या प्रत्येक रकमेसमोर खूण करा आणि एकेक नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी, द्या. हे काम कंटाळवाणं आहे, पण भारतात असताना दोन संध्याकाळींत संपतं.

खात्यावर घरच्या माणसाला व्यवहार करू द्यायचे असतील तर बँकेचा स्वतःचा अधिकारपत्राचा फॉर्म असतो, तो वेगळा भरा. तुमचं नोंदणीकृत मुखत्यारपत्र कितीही भक्कम असलं तरी बँक ते आपल्या विधी विभागाकडे पाठवते आणि त्यात आठवडे जातात. त्यामुळे निघण्याआधीच एक प्रत शाखेत नोंदवून पोच घ्या. एनआरई खात्यात जवळच्या निवासी नातेवाइकाचं नाव जोडता येतं, पण तुमच्या हयातीत तो मुखत्यार म्हणूनच व्यवहार करू शकतो. स्थानिक देणी देणं हे त्याचं काम, ते पैसे तुमच्याखेरीज कोणाला परदेशी पाठवणं किंवा दुसऱ्याला भेट देणं त्याला जमत नाही.

वारसनोंद प्रत्येक खात्यावर तपासा. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेवींसाठी चार जणांपर्यंत नावं देता येतात. लॉकर असेल तर त्याचं भाडं आपोआप जाईल असं बघा, आणि दुसरं नाव अशा माणसाचं ठेवा जो वर्षातून एकदा तरी जाऊन उघडेल. दोन वर्षं तुमच्या बाजूने एकही व्यवहार नसेल तर खातं निष्क्रिय होतं, म्हणून जास्तीची खाती बंदच करून जा.

पैसे घरी पाठवायचे तर एनआरईमध्ये पाठवून तिथून आई-वडिलांच्या खात्यात वळवणं सर्वांत स्वच्छ. आई-वडिलांना दिलेल्या पैशावर त्यांना इथे कर लागत नाही, मात्र त्या पैशाची ठेव केली तर व्याज त्यांचं उत्पन्न धरलं जातं. अमेरिकेतून पाठवताना १ जानेवारी २०२६ पासून रोख रक्कम किंवा मनीऑर्डर देऊन केलेल्या पाठवणीवर १ टक्का कर आहे. बँक खात्यातून पाठवलं तर तो नाही.

मुखत्यारपत्र

आपल्याकडे सरसकट कुलमुखत्यारपत्र करून द्यायची पद्धत आहे: "माझ्या सर्व मालमत्तेबाबत सर्व अधिकार." ते करू नका. खास मुखत्यारपत्र करा आणि कामं नावानिशी लिहा: अमुक फ्लॅट भाड्याने देणे, भाडेकराराची नोंदणी करणे, भाडं घेणे, पोलिसांत माहिती देणे, मिळकतकर आणि वीजबिल भरणे, सोसायटीशी पत्रव्यवहार, एनआरओ खात्यातून स्थानिक देणी देणे. विकण्याचा, गहाण ठेवण्याचा आणि बक्षीस देण्याचा अधिकार दिलेला नाही असंही एक वाक्य घाला. यात अविश्वास नाही. मुखत्यारावर कोणी दबाव आणला तर हेच वाक्य त्याला वाचवतं, आणि मी स्वतः ते भावाला आग्रहाने घालायला लावलं.

मसुदा वकिलाकडून करून घ्या आणि दुय्यम निबंधक कार्यालयात नोंदवा. तुम्ही, मुखत्यार आणि दोन साक्षीदार, सगळ्यांची मूळ ओळखपत्रं घेऊन जा. फोटो, अंगठ्याचे ठसे, सह्या असा सगळा प्रकार होतो. आमच्या वेळी वडिलांच्या नावातला एक वेलांटीचा फरक आधार आणि पॅनमध्ये निघाला आणि तेवढ्यावरून टोकन मागे गेलं, तेव्हा नावं आदल्या दिवशी अक्षर अन् अक्षर जुळवून पाहा. मूळ प्रत मुखत्याराकडेच राहू द्या. झेरॉक्सवर कोणी काम करत नाही. स्कॅन दोघांकडे हवं.

हे राहूनच गेलं असेल तर तिकडे भारतीय वकिलातीत जाऊन सही करता येते, काही देशांत नोटरी आणि अपॉस्टिल (तिथल्या सरकारचा प्रमाणित शिक्का) असाही मार्ग आहे. तो कागद महाराष्ट्रात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथलं मुद्रांक शुल्क भरायचं असतं. कुरियरचं पाकीट याच कारणासाठी जपून ठेवा, पोहोचल्याची तारीख त्यावर असते.

आणखी एक: मुखत्यारपत्र देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपतं. म्हणून मृत्युपत्र वेगळं करावंच. तिशीत मृत्युपत्र म्हटलं की घरात अभद्र बोलल्यासारखं वाटतं. पण दोन देशांत मालमत्ता, बायको-मुलं तिकडे, आई-वडील इकडे अशा घरात ते नसणं मागच्यांना फार महागात पडतं. साध्या कागदावर, दोन साक्षीदारांसमोर केलेलंही चालतं.

घर भाड्याने द्यायचं की कुलूप लावायचं

माझं मत भाड्याने देण्याच्या बाजूने आहे. बंद घरात पावसाळ्याच्या एका महिन्यात भिंतीला ओल येते, ड्रेनेजमधून वास येतो, आणि वरच्या मजल्यावरची गळती कोणाला कळत नाही. फक्त नीट करार करून द्या.

महाराष्ट्रात लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृत असणं भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे, आणि ती जबाबदारी घरमालकाची. नोंदणी नसेल तर वाद झाल्यावर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते खरं धरलं जाऊ शकतं. मुदत संपूनही कोणी हलत नसेल तर कलम २४ प्रमाणे सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करून ताबा मिळतो आणि तोपर्यंतच्या काळासाठी दुप्पट रक्कम मागता येते. नोंदणी आता घरबसल्या ऑनलाइन होते, एजंट बोटांच्या ठशांचं यंत्र घेऊन येतो. मुखत्यार तुमच्या वतीने ठसा देऊ शकतो, मात्र मुखत्यारपत्रात तो अधिकार शब्दांत लिहिलेला हवा. पोलिसांना भाडेकरूची माहिती देणंही तेव्हाच उरकून घ्या.

सोसायटीला एक पत्र देऊन मुखत्याराचं नाव, फोन आणि भाडेकरूची माहिती कळवा. भाड्याने दिलेल्या घरावर सोसायटी ना-वापर शुल्क लावते. ते सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त लावता येत नाही, असा राज्य सरकारचा २००१ चा आदेश आहे, आणि मिळकतकर त्या हिशेबात धरत नाहीत. घर नुसतं बंद असेल किंवा आई-वडील, भावंडं राहत असतील तर ते लागत नाही. जास्त बिल आलं तर सचिवाशी वाद घालू नका, आदेशाचा हवाला देऊन पत्र द्या. वार्षिक सभेत मात्र मुखत्याराला बसता किंवा मत देता येत नाही. पुनर्विकासाचं वारं असलेल्या सोसायटीत घर असेल तर तुमच्या वतीने सभेत बसायला घरातल्या कोणाला सहयोगी सभासद करून घेण्याचा विचार करा.

मिळकतकरात पुण्याच्या लोकांनी लक्ष द्यायची गोष्ट म्हणजे स्वतः राहणाऱ्यांना मिळणारी ४० टक्के सवलत. घर भाड्याने दिलं की ती जाते, आणि हे लपवलं तर नंतर फरकाची थकबाकी येते. बिल एप्रिलमध्ये निघतं, लवकर भरणाऱ्यांना सूट असते, थकलं तर दरमहा २ टक्के शास्ती चढत जाते. ते भाडेकरूवर सोडू नका. वीजबिल भाडेकरू भरणार असला तरी महावितरणच्या ॲपमध्ये तुमचा ग्राहक क्रमांक जोडून ठेवा, थकलं की लगेच दिसतं. घर बंद ठेवणार असाल तर मीटर कुलपाआड असू नये. रीडिंग मिळालं नाही की सरासरीचं बिल येत राहतं.

भाड्याच्या बाबतीत एक मोठी गोष्ट बहुतेक घरमालकांना आणि भाडेकरूंना माहीतच नसते. घरमालक अनिवासी असेल तर भाडं कितीही लहान असो, त्यातून कर कापून सरकारकडे भरायची जबाबदारी भाडेकरूवर येते: ३० टक्के अधिक उपकर, म्हणजे ३१.२ टक्के. हे करार करतानाच त्याला सांगा. तुमचा प्रत्यक्ष कर कमी बसणार असेल तर कमी दराने कपातीचं प्रमाणपत्र प्राप्तिकर विभागाकडून आधीच मिळवता येतं, नाहीतर विवरणपत्र भरून परतावा घ्यायचा.

गाडी विकून जा. दोन वर्षं उभ्या गाडीची बॅटरी, टायर आणि विमा, सगळं मागच्या माणसाच्या गळ्यात पडतं. विकताना विमा कंपनीकडून नो क्लेम बोनसचं पत्र घ्या, परत आल्यावर तीन वर्षांच्या आत नव्या गाडीला वापरता येतं.

गावची जमीन

शहरातल्या फ्लॅटची चिंता सगळे करतात, वडिलोपार्जित जमिनीकडे कोणी पाहत नाही. अनिवासी माणसाला भारतात नवीन शेतजमीन विकत घेता येत नाही, पण वारसाने आलेली ठेवता येते. त्यामुळे वाट्याची जमीन असेल तर ती कागदावर जागती ठेवा. निघण्याआधी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा आणि आठ-अ काढून फाइलला लावा, सातबाऱ्याला १५ रुपये पडतात. आजोबांच्या मृत्यूनंतरची वारसनोंद राहिली असेल तर ती आधी करून घ्या. दोन पिढ्यांची नोंद एकदम करायची वेळ आली की आत्या-काकांच्या सह्या गोळा करण्यातच वर्ष जातं.

मग दर दोन-तीन महिन्यांनी 'आपली चावडी' या सरकारी संकेतस्थळावर जिल्हा, तालुका, गाव निवडून चालू फेरफारांच्या, म्हणजे जमिनीच्या नोंदीतल्या बदलांच्या, नोटिसा पाहा. तुमच्या गटावर कोणी खरेदी, वाटणी किंवा वारसाची नोंद घातली असेल तर ती तिथे दिसते. हरकत घ्यायला १५ दिवस मिळतात. नोटीस गावच्या पत्त्यावर जाते आणि घर बंद असतं, म्हणून ही सवय लावून घ्याच. स्टुटगार्टमध्ये बसूनही ती पाळता येते, भाऊ पाळतो. आमच्या गटाची हद्द चुकीने धरलेली एक नोंद त्यानेच पाहिली आणि चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी तलाठ्याकडे जाऊन आला.

जमीन वाट्याने कसायला दिली असेल तर नातेवाईक असला तरी वर्षाचा लेखी करार ठेवा, आणि ई-पीक पाहणी, म्हणजे सरकारी ॲपवरची पिकाची नोंद, प्रत्येक हंगामात तुमच्या नावाने, शेतात जाऊन नोंदवली जाते का ते विचारा. त्यासाठी फोन घेऊन बांधावर उभं राहावं लागतं, ते दुरून होत नाही.

गुंतवणूक आणि विमा

पीपीएफ चालू असेल तर पंधरा वर्षांची मुदत संपेपर्यंत त्यात पैसे भरता येतात, पण पुढे मुदतवाढ मिळत नाही आणि अनिवासी झाल्यावर नवीन खातं उघडता येत नाही. म्युच्युअल फंडांत केवायसी बदलून अनिवासी दर्जा लावा. अमेरिका आणि कॅनडाला जाणाऱ्यांनी आपला फंड तिथल्या रहिवाशांचे पैसे घेतो का हे आधी विचारा, बरेच घेत नाहीत. शिवाय अमेरिकी करकायदा भारतीय फंडांना फार कडक वागवतो, तेव्हा तिकडे जाणाऱ्यांनी एसआयपी चालू ठेवण्याआधी तिथल्या कर सल्लागाराशी बोलावं.

कंपनीच तुम्हाला जर्मनी, जपान, फ्रान्स, नेदरलँड्स अशा सामाजिक सुरक्षेचा करार असलेल्या देशात पाठवत असेल तर एचआरला भविष्य निर्वाह निधी संघटनेकडून संरक्षण प्रमाणपत्र काढायला सांगा. मग इकडे पीएफ आणि तिकडे त्यांची पेन्शन-वर्गणी अशी दुहेरी कपात होत नाही. अमेरिकेशी असा करार नाही.

आयुर्विम्याच्या कंपनीला राहण्याचा देश बदलल्याचं कळवा आणि पोच ठेवा.

प्राप्तिकर

इथे मात्र दिवस मोजायचे. आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवसांपेक्षा कमी राहिलात तर नोकरीसाठी बाहेर पडणारा भारतीय नागरिक त्या वर्षी करासाठी अनिवासी ठरतो. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. निघायची तारीख तुमच्या हातात असेल तर २८ सप्टेंबरपर्यंत की त्यानंतर याने मोठा फरक पडतो, कारण निवासी असलात तर तिकडचा पगारही इथल्या विवरणपत्रात दाखवावा लागतो. पुढे सुट्टीला येतानाही दिवस मोजा. भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा आड येऊ शकते.

पोर्टलवर आपला दर्जा आणि परदेशातला पत्ता बदला. पॅन-आधार जोडणीतून अनिवासींना सूट आहे, पण दर्जा बदललेला नसेल तर पॅन निष्क्रिय दिसू शकतं. विवरणपत्र भरल्यावर ३० दिवसांत पडताळणी करायची असते, पुन्हा तोच फोन नंबर. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन प्राप्तिकर कायदा २०२५ लागू झाला आहे. कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, जुने व्हिडिओ पाहून काही भरू नका. पहिल्या वर्षी अनिवासींचं काम करणारा सीए लावा, ती फी वाया जात नाही.

तिकडचा कायदाही पाहा. एनआरईचं व्याज भारतात करमुक्त असलं तरी अमेरिका आपल्या रहिवाशांच्या जगभरच्या उत्पन्नावर कर लावते, आणि परदेशी खात्यांची एकूण शिल्लक वर्षात कधीही १०,००० डॉलरच्या वर गेली तर वेगळी माहिती द्यावी लागते. आई-बाबांच्या खात्यात तुमचं दुसरं नाव असेल तर तेही त्यात येतं.

आई-वडील

पैशांची सगळी व्यवस्था लागते आणि हेच अर्धं राहतं. नोकरी सोडून जात असाल तर कंपनीच्या गटविम्यातलं आई-वडिलांचं संरक्षण सहसा नोकरीच्या शेवटच्या दिवशी संपतं. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत त्यांना नेता येईल का, हे राजीनामा देण्याआधी विचारा. नव्याने घ्यायला गेलात तर आधीच्या मधुमेह-रक्तदाबाला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं. पॉलिसी चालू असेल तर नूतनीकरणाची तारीख तुमच्याही कॅलेंडरमध्ये हवी. खंड पडला तर आधी भोगलेली प्रतीक्षा पाण्यात जाते.

घराजवळचं एक रुग्णालय ठरवा, तिथे कॅशलेस चालतं का ते प्रत्यक्ष जाऊन विचारा. आमच्या फ्रिजवर एक कागद लावलेला आहे: दोघांची औषधं आणि मात्रा, ॲलर्जी, रक्तगट, डॉक्टरांचा नंबर, पॉलिसी क्रमांक, रुग्णालयाचं नाव, माझा आणि काकूंचा फोन, १०८ आणि ११२. बाबांना रात्री अचानक चक्कर आली तेव्हा काकूंनी तोच कागद काढून रुग्णवाहिकेतल्या डॉक्टरांच्या हातात दिला. भाऊ तेव्हा फोनवर होता, पण त्या घडीला कामाला आला तो कागद. दर सहा महिन्यांनी तो नव्याने लिहा, औषधं बदलतात.

पेन्शन असेल तर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला लागतो. तो आता फोनवर चेहरा दाखवून घरीही होतो, पहिल्या वर्षी कोणीतरी शेजारी बसून करून दाखवा. आणि "तुमच्या मुलाला परदेशात पकडलंय, पैसे पाठवा" किंवा "तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे" असे फोन नेमके अशाच घरांना येतात. आई-बाबांशी एक खुणेचा शब्द ठरवा. पैशांचा विषय आला की तो विचारायचा, नाही सांगता आला तर फोन ठेवायचा आणि मुखत्याराला कळवायचं. पैसे गेलेच तर १९३० या सायबर फसवणुकीच्या मदतवाहिनीवर ताबडतोब तक्रार, पहिल्या काही तासांत केलेल्या तक्रारीलाच अर्थ असतो. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही मदतवाहिनीही त्यांच्या फोनमध्ये जतन करून द्या.

परत आल्यावर

कायमचे परतलात की बँकेला लगेच कळवा. एनआरओ पुन्हा निवासी खातं होतं, एनआरईमधले पैसे रुपयांत किंवा आरएफसी खात्यात परकीय चलनात ठेवता येतात, आणि एफसीएनआर ठेव मुदतीपर्यंत चालू राहते. करासाठी काही काळ 'निवासी पण सामान्यतः निवासी नसलेला' हा मधला दर्जा मिळू शकतो. त्या काळात तिकडच्या उत्पन्नावर इथे सहसा कर लागत नाही, म्हणून तिकडची गुंतवणूक मोडायची असेल तर ती त्या मुदतीत बसवा. भाडेकरूला नोटीस करारातल्या मुदतीप्रमाणे, येण्याच्या दोन-तीन महिने आधीच द्यायला सांगा. शेवटी मुखत्यारपत्र रद्द केल्याचा दस्त त्याच निबंधक कार्यालयात नोंदवा, मूळ प्रत परत घ्या, आणि बँक, सोसायटी व भाडेकरू या तिघांना रद्द केल्याचं लेखी कळवून पोच घ्या.